गर्भधारणेसाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च: पैसे कुठून आणि कोणत्या क्रमाने उभे करायचे

डॉक्टरांनी "ऑपरेशन करून बघता येईल" असं म्हटलं की बहुतेक जोडप्यांच्या डोक्यात लगेच पैशांची गणितं सुरू होतात. ठेव मोडायची का, कर्ज मिळेल का, घरच्यांकडे मागायचे का? हे प्रश्न खरे आहेत, पण ते थोडे नंतर येऊ द्यावेत असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पैसा कुठून येणार हे बऱ्याच अंशी दोन गोष्टींवर ठरतं: ऑपरेशन नेमकं कोणतं आहे आणि कागदावर त्याचं कारण काय लिहिलं आहे. या दोन गोष्टी पक्क्या होण्याआधी काढलेलं कर्ज हे सगळ्यात महाग कर्ज ठरतं, कारण ते कदाचित लागणारही नसतं.

पहिली पायरी: ऑपरेशन कोणतं आणि त्यातून मिळणार काय

मूल होण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया अनेक आहेत. स्त्रीच्या नसबंदीनंतर बीजवाहक नळ्या पुन्हा जोडणं, पुरुषाची नसबंदी उलटवणं, गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ काढणं, एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) डाग दुर्बिणीतून जाळणं किंवा काढणं, पाणी भरलेली नळी काढून टाकणं, वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा बांधणं म्हणजेच व्हेरिकोसीलचं ऑपरेशन, गर्भाशयातला पडदा कापणं, ही त्यातली नेहमीची. प्रत्येकाचा खर्च वेगळा, विम्याची वागणूक वेगळी आणि यशाची शक्यताही वेगळी.

ही शक्यता आकड्यांत विचारून घ्या. पुरुष नसबंदी उलटवण्याचं उदाहरण बघा. अमेरिकेतला चौदाशेहून अधिक पुरुषांचा एक मोठा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. नसबंदीला ३ वर्षं पूर्ण होण्याआधी ऑपरेशन झालं होतं तिथे ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परत दिसले आणि ७६ टक्के जोडप्यांना गर्भधारणा झाली. १५ वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गेला होता तिथे हेच आकडे ७१ आणि ३० टक्क्यांवर आले. म्हणजे तेच ऑपरेशन, जवळपास तोच खर्च, पण हाती येणारी शक्यता निम्म्याहून कमी. त्यात पत्नीचं वय पस्तिशीपुढे असेल तर हिशेब आणखी बदलतो. अशा वेळी तेच पैसे आयव्हीएफसाठी, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारासाठी, राखावेत का, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारायला संकोच नको.

काही ऑपरेशनांच्या बाबतीत पुरावा चांगला आहे. सौम्य एंडोमेट्रिओसिस असलेल्या ३४१ स्त्रियांवर कॅनडात झालेली एक चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. दुर्बिणीतून डाग काढलेल्या गटात सुमारे ३१ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली, तर फक्त तपासणी केलेल्या गटात सुमारे १८ टक्के स्त्रियांना. नळीत पाणी भरलेलं असेल तर आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्म्यावर येतं. त्यामुळे आयव्हीएफआधी ती नळी काढण्याचा खर्च म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चाचं संरक्षण असतं. याउलट गर्भाशयातला पडदा कापण्याबाबत २०२१ साली एक आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. ती छोटी होती, ८० स्त्रियांची, पण पडदा कापल्यामुळे मूल होण्याचं प्रमाण वाढल्याचं तिच्यात दिसलं नाही. फायब्रॉइडचंही तसंच: गर्भाशयाच्या पोकळीत शिरलेली गाठ गर्भधारणेच्या आड येते, बाहेरच्या बाजूला वाढलेली सहसा येत नाही. व्हेरिकोसील हाताला लागत नसेल, फक्त सोनोग्राफीत दिसत असेल, तर त्याचं ऑपरेशन करावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत.

म्हणून पैसे शोधण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, वीर्यतपासणी, नळ्यांचा एक्स-रे सोबत न्या. नळ्या जोडायच्या असतील तर आधीच्या नसबंदीच्या ऑपरेशनची नोंद मिळवा. नळी कुठे आणि किती कापली यावर जोडण्याजोगी लांबी उरली आहे का ते ठरतं आणि ती नोंद पाहूनच काही डॉक्टर "यात पैसे घालू नका" असं स्पष्ट सांगू शकतात. ही एक फी देताना हात आखडू नका. या सगळ्या प्रवासात इतका उपयोगी पडणारा खर्च दुसरा नाही.

दुसरी पायरी: लेखी एस्टिमेट

तोंडी सांगितलेला आकडा धरून कधीच चालू नका. हॉस्पिटलकडून लेखी अंदाजपत्रक मागा आणि त्यात काय धरलंय, काय नाही, हे ओळीओळीने बघा. सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, खोलीचं भाडं, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, टाके आणि एकदाच वापरायची साधनं, औषधं, काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च, नंतरच्या भेटी. पॅकेजमध्ये सर्वात जास्त वेळा बाहेर राहतात त्या भूलतज्ज्ञांची फी आणि प्रयोगशाळेची बिलं, कारण ती अनेकदा वेगळ्या व्यक्ती किंवा संस्था लावतात.

यापुढचा प्रश्न नवखी माणसं जवळजवळ कधीच विचारत नाहीत: टेबलावर घेतल्यानंतर बेत बदलला तर?

प्रजननाच्या शस्त्रक्रियांमध्ये हे वरचेवर घडतं. पुरुष नसबंदी उलटवताना सर्जन वृषणाकडच्या बाजूने येणारा द्रव तपासतात. त्यात शुक्राणू असतील किंवा द्रव स्वच्छ असेल तर नळीची दोन टोकं सरळ जोडली जातात. द्रव घट्ट, शुक्राणूविरहित असेल तर आणखी मागे, अधिवृषणाच्या (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या भागाच्या) अतिशय बारीक नलिकेला जोड द्यावा लागतो. हे काम कितीतरी जास्त नाजूक आणि वेळखाऊ असतं आणि ते एका बाजूला लागेल, दोन्ही बाजूंना लागेल की लागणारच नाही, हे आधी सांगता येत नाही. दुर्बिणीतून तपासणी म्हणून आत गेल्यावर एंडोमेट्रिओसिस अपेक्षेपेक्षा जास्त निघू शकतो. म्हणून एस्टिमेटवर दोन आकडे लिहून मागा: ठरल्याप्रमाणे झालं तर इतके, जास्तीत जास्त गुंतागुंतीचं झालं तर इतके. पैशांची तयारी दुसऱ्या आकड्याची ठेवा. त्याच ऑपरेशनमध्ये शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय आहे का आणि त्याचं वार्षिक शुल्क काय, हेही विचारा. ऑपरेशन अयशस्वी ठरलं तर या एका निर्णयाने दुसरी शस्त्रक्रिया वाचू शकते.

तिसरी पायरी: विमा, आणि कागदावर लिहिलेलं कारण

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्या.

बऱ्याच पॉलिसींमध्ये "वंध्यत्वावरील उपचार" वगळलेले असतात. स्वतःच्या इच्छेने केलेली नसबंदी उलटवणं तर बहुतेक ठिकाणी स्पष्ट नाव घेऊन वगळलेलं असतं. ते वाचून माणसं पॉलिसी मिटून ठेवतात. पण फायब्रॉइड हा आजार आहे. एंडोमेट्रिओसिस हा आजार आहे. पाणी भरलेली नळी हा आजार आहे. व्हेरिकोसीलमुळे दुखत असेल तर तोही उपचार करण्याजोगा त्रास आहे. दरमहा अतिरक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन उतरलेल्या स्त्रीची गाठ काढली जाते, तेव्हा तिला मूलही हवं आहे म्हणून तो आजार नाहीसा होत नाही. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त "वंध्यत्वासाठी शस्त्रक्रिया" एवढंच लिहिलं असेल, तर विमा कंपनी तेवढंच वाचणार.

म्हणून डॉक्टरांना तुमचा त्रास पूर्ण सांगा. अनेक स्त्रिया मूल होत नाही एवढंच सांगतात आणि पाळीतल्या असह्य वेदना, अतिरक्तस्राव, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीचा त्रास हे मनातच ठेवतात, कारण त्यांना ते सवयीचं झालेलं असतं. हे सगळं केसपेपरवर आलं पाहिजे. एक गोष्ट मात्र निक्षून सांगते: नसलेलं दुखणं लिहून घेऊ नका. खोट्या कारणावर घेतलेला क्लेम पुढे पॉलिसीच रद्द करवू शकतो आणि मग बाळंतपणाच्या वेळी हाताशी काहीच उरत नाही. असलेलं खरं दुखणं लिहिलं गेलंय ना, एवढाच आग्रह धरा, आणि तो पूर्ण धरा.

आता विमा कंपनीशी बोलण्याची पद्धत. फोनवर "हे ऑपरेशन कव्हर होतं का?" असं मोघम विचारलं तर मोघम उत्तर मिळतं. डॉक्टरांकडून ऑपरेशनचं नेमकं नाव, निदान आणि असतील तर त्यांचे कोड घ्या आणि प्रश्न लेखी पाठवा:

- या निदानासाठी ही प्रक्रिया पॉलिसीत बसते का? नसेल तर कोणत्या कलमामुळे?
- निदानासाठीच्या तपासण्या बसतात का? (उपचार वगळलेले असले तरी काही पॉलिसी कारण शोधण्याचा खर्च देतात.)
- प्रतीक्षा कालावधी किती, आणि माझा पूर्ण झाला आहे का?
- माझ्या खिशातून किती जाईल: सुरुवातीची ठरावीक रक्कम, सहभागाची टक्केवारी, खोलीभाड्याची मर्यादा?
- ऑपरेशन पॉलिसीत बसत नसेल आणि त्यातून गुंतागुंत झाली, तर त्या गुंतागुंतीचा उपचार बसेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर घाबरू नका, पण तेवढी जास्तीची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय तारीख घेऊ नका.

कधीकधी एकाच भूलेत दोन कामं होतात. गाठ काढली जाते आणि त्याच वेळी नळ्या उघड्या आहेत का तेही पाहिलं जातं. अशा वेळी हॉस्पिटलला विमाबाह्य कामाचा खर्च वेगळा दाखवायला आधीच सांगा. एकत्र बिल गेलं तर छोट्या विमाबाह्य भागापायी अख्खा क्लेम अडकू शकतो. दोघांच्याही नावावर वेगवेगळ्या पॉलिसी असतील तर दोन्ही वाचा. पुरुषाच्या ऑपरेशनसाठी पुरुषाची, स्त्रीच्या ऑपरेशनसाठी स्त्रीची, हे उघड वाटतं, पण नोकरीतून मिळणारा गट विमा जोडीदारालाही लागू असू शकतो आणि त्याच्या अटी वैयक्तिक पॉलिसीपेक्षा सैल असू शकतात.

पूर्वमंजुरी लेखी घ्या. नकार आला तर तो शेवटचा मानू नका. नकाराचं कारण आणि कलम लेखी मागा, डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घ्या आणि दिलेल्या मुदतीत फेरविचारासाठी अर्ज करा. कंपनीच्या आत दाद लागली नाही तर बाहेरच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे जाता येतं. अपिलाचं पत्र लांबलचक नको. निदान, त्रास, आधी करून पाहिलेले उपचार आणि हे ऑपरेशन का, एवढं पुरतं.

चौथी पायरी: इतर कोण मदत करू शकतं

नोकरीच्या ठिकाणी मनुष्यबळ विभागाला विचारा. काही कंपन्या प्रजनन उपचारांसाठी वेगळी रक्कम देतात आणि ती विम्याच्या पुस्तिकेत नसते. कारण न सांगताही "वैद्यकीय लाभांची पूर्ण यादी मिळेल का?" असं विचारता येतं.

शिकाऊ डॉक्टर असलेली वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं हा माझ्या मते सर्वात दुर्लक्षित मार्ग आहे. तिथे अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली ऑपरेशन होतं, दर कमी असतात, रांग मात्र लांब असते. गाठ किंवा एंडोमेट्रिओसिससाठी हा मार्ग चांगला. सूक्ष्मदर्शकाखाली करायच्या जोडकामासाठी मात्र प्रत्यक्ष टाके कोण घालणार हे विचारून घ्या, कारण त्या कामात सर्जनचा सराव निकाल ठरवतो.

रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. धर्मादाय निधी, सवलतीच्या खाटा, उत्पन्नावर आधारित सूट यांची माहिती त्यांच्याकडे असते आणि ही सूट मागितल्याशिवाय मिळत नाही. प्रजननासाठीच्या अनुदानांमध्ये बहुतेक वेळा उत्पन्नाचे दाखले आणि डॉक्टरांचं पत्र लागतं आणि अर्जाच्या ठरावीक मुदती असतात. वैद्यकीय चाचणीत सहभागी झाल्यास काही खर्च संशोधक करतात, पण तुम्ही कोणत्या गटात जाल हे तुमच्या हातात नसतं. वयाचा प्रश्न असेल तर हा विचार फार जपून करा.

पाचवी पायरी: हॉस्पिटलशी बोलणं

स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्याला वेगळा दर आहे का, हे विचारण्यात कमीपणा काही नाही. विम्याची कागदपत्रं आणि वाट पाहणं टळतं म्हणून अनेक ठिकाणी एकरकमी भरणाऱ्याला सूट दिली जाते. बिल टप्प्याटप्प्याने भरता येईल का, हे कर्ज शोधण्याआधी विचारा. हॉस्पिटलने स्वतः दिलेल्या हप्त्यांवर व्याज नसू शकतं. त्याच दिवशी घरी सोडता येईल असं ऑपरेशन असेल तर खोलीचा खर्च वाचतो. मात्र तुमची पॉलिसी २४ तास दाखल राहण्याची अट घालत असेल, तर त्याच दिवशी सोडल्या जाणाऱ्या प्रक्रियांच्या यादीत तुमचं ऑपरेशन आहे का ते आधी तपासा.

"मूल झालं नाही तर पैसे परत" अशा योजना आकर्षक वाटतात. त्यात कोणाला घेतलं जातं ते बघा. ज्यांना यशाची शक्यता मुळातच जास्त त्यांनाच प्रवेश आणि दर नेहमीपेक्षा बराच वर, अशी रचना असेल तर इतरांचा परतावा तुम्हीच भरत असता. यशाची हमी देणाऱ्यापासून तर सरळ दूर राहा. प्रामाणिक सर्जन हमी देत नाही.

स्वस्त म्हणून दूरच्या गावी किंवा परदेशी जायचं असेल तर प्रवास, राहणं, बुडालेली रजा आणि टाके तपासायला पुन्हा जाणं हे सगळं मिळवून मगच तुलना करा.

सहावी पायरी: कर्ज काढायचंच असेल तर

व्याजाचा दर ऐकताना तो सपाट (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर (फेडायच्या उरलेल्या रकमेवर), हा पहिला प्रश्न. समजा १०० घेतले, ३ वर्षांसाठी, दर १० टक्के. सपाट दराने तुम्ही एकूण १३० परत करता. घटत्या शिलकीवर तोच १० टक्के दर असेल तर सुमारे ११६ परत करता. म्हणजे सपाट १० टक्के हा प्रत्यक्षात जवळपास १८ टक्क्यांचा व्यवहार असतो. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे १० च लिहिलेले असतात.

बिनव्याजी हप्त्यांची योजना असेल तर एकरकमी भरल्यास किती सूट मिळाली असती ते विचारा. ती बुडालेली सूट हेच व्याज असतं. प्रक्रिया शुल्क, मुदतीआधी फेडल्यास दंड आणि "अमुक महिन्यांत फेडलं नाही तर पहिल्या दिवसापासून व्याज" अशी अट, हे तिन्ही वाचा. क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम टाकून दरमहा किमान रक्कम भरत राहणं हा सर्वात वाईट मार्ग आहे, तो वापरू नका. राहतं घर तारण ठेवून हे ऑपरेशन करू नये, असंही माझं स्पष्ट मत आहे. ज्या उपचाराचा निकाल कोणाच्याच हातात नाही, त्याच्यासाठी डोक्यावरचं छप्पर पणाला लावायचं नसतं.

हप्ता ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननंतर वीर्यात फरक दिसायला ३ ते ६ महिने जातात. गर्भाशयाच्या भिंतीतली गाठ काढल्यावरही डॉक्टर सहसा काही महिने थांबायला सांगतात. म्हणजे प्रयत्न सुरू होण्याआधीच कर्जाचे कित्येक हप्ते गेलेले असतील. गर्भधारणा झाली तर तपासण्या आणि बाळंतपणाचा खर्च येतो, एका पगारात खंड पडू शकतो. तेव्हाही झेपेल तोच हप्ता घ्या.

नातेवाइकांकडून घेत असाल तर किती, कधी परत आणि कारण कोणाकोणाला कळेल, हे तिन्ही आधी बोला. लोकवर्गणीसाठी जाहीर आवाहन करायचं असेल तर दोघांची संमती हवी. एकदा जगासमोर मांडलेला आजार परत घेता येत नाही आणि "काय झालं मग?" हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो.

सातवी पायरी: नंतरचे पैसे आणि वेळ

जमवलेली सगळी रक्कम ऑपरेशनमध्ये संपवू नका. नळीवर शस्त्रक्रिया झाली असेल तर पुढच्या गर्भधारणेत गर्भ नळीतच रुजण्याचा धोका वाढतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून पाळी चुकताच रक्ततपासणी आणि लवकर सोनोग्राफी करावी लागते. हे पैसे आजच वेगळे काढून ठेवा आणि त्यांना दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका. नसबंदी उलटवल्यानंतरच्या वीर्यतपासण्यांचंही तसंच.

दुसरीकडे, पैसे साठेपर्यंत थांबायचं की नाही हे वयावर ठरवा. स्त्रीचं वय तिशीच्या सुरुवातीला असेल तर वर्षभर साठवून कर्ज टाळणं शहाणपणाचं ठरू शकतं. पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या आणि दर्जा वेगाने उतरतो. तिथे एका वर्षाची बचत पुढे आयव्हीएफच्या एका जास्तीच्या फेरीत निघून जाऊ शकते. डॉक्टरांना विचारा, "आम्ही एक वर्ष थांबलो तर आमची शक्यता किती बदलेल?" उत्तर ऐकून दोघांनी मिळून तारीख ठरवा.

ऑपरेशननंतर डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची सविस्तर नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, फोटो किंवा चित्रफीत आणि प्रत्येक पावती मूळ प्रतीत मागून घ्या. करसवलत मिळते का हे कर सल्लागाराला याच पावत्या दाखवून विचारा. तुकड्याचा अहवाल काही दिवसांनी येतो आणि त्याचं बिलही मागाहून येतं, तोवर क्लेम पाठवण्याची मुदत सरत असते. म्हणून मुख्य बिलं वेळेत पाठवा आणि "उरलेली कागदपत्रं मागाहून देत आहोत" असं सोबतच्या पत्रात लिहून त्याची पोच घ्या.